पॅकेज मॅनेजर कोसळतो तेव्हा : लिनक्स सर्व्हरवरील दोषनिदानाची एक चिकित्सा

१. प्रास्ताविक

मुंबई विद्यापीठाच्या माहिती तंत्रज्ञान व संगणकशास्त्र या अभ्यासक्रमांमुळे वसई-विरार परिसरातील महाविद्यालयांना लिनक्स ही प्रणाली आता नवी राहिलेली नाही. विद्यार्थ्यांचे प्रकल्प, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आणि 'कोहा'सारख्या मुक्त प्रणालीवर उभी असलेली ग्रंथालयाची सूची अशी सामग्री एखाद्या लिनक्स सर्व्हरवर ठेवलेली असते. हा सर्व्हर चालू आहे तोपर्यंत त्याची आठवण कोणास होत नाही. एखादे दिवशी त्यावर नवा प्रोग्राम बसवावयाचा असतो किंवा सुरक्षेची दुरुस्ती करावयाची असते, आणि ज्या साधनाने हे काम करावयाचे ते साधनच कोसळते. पडद्यावर इंग्रजीतील वीस-पंचवीस ओळी उमटतात व आज्ञेचे चिन्ह पुन्हा दिसू लागते.

प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रसंग आहे. त्यावरील उपायांची यादी देणे हा लेखाचा हेतू नाही. अशा याद्या विपुल उपलब्ध आहेत. त्या याद्या ज्या पद्धतीने वापरल्या जातात तिची चिकित्सा येथे करावयाची आहे. कोसळलेला पॅकेज मॅनेजर ही बहुतेक वेळा सर्व्हरवर अन्यत्र घडलेल्या बिघाडाची साक्ष असते, आणि ती साक्ष वाचण्यापूर्वीच पुसून टाकण्याची रीत आपल्या प्रयोगशाळांत रूढ होत आहे, असे लेखकाचे प्रतिपादन आहे. या रीतीची किंमत सर्व्हरवरील सामग्रीला मोजावी लागतेच. त्याहून अधिक ती विद्यार्थ्यांच्या विचारपद्धतीला मोजावी लागते.

२. पॅकेज मॅनेजरचे स्वरूप

अन्य विद्याशाखांतील वाचकांसाठी काही प्राथमिक गोष्टी सांगणे अगत्याचे आहे. लिनक्सवरील प्रोग्राम सुटे नसतात. प्रत्येक प्रोग्राम अन्य अनेक प्रोग्रामांवर व त्यांच्या विशिष्ट आवृत्त्यांवर अवलंबून असतो. कोणते पॅकेज बसलेले आहे, त्यातील कोणती फाइल कोठे आहे आणि कोणाचे कोणावर अवलंबन आहे याची नोंद ठेवणारी व्यवस्था म्हणजे पॅकेज मॅनेजर होय. डेबियन परंपरेत 'डीपीकेजी' व त्यावरील 'ॲप्ट', तर रेड हॅट परंपरेत १९९५ च्या सुमारास आलेले 'आरपीएम' व त्यावरील 'यम' आणि पुढे 'डीएनएफ' अशी ही साधने आहेत. दोन्ही परंपरांत दोन स्तर दिसतात. खालचा स्तर नोंदवही सांभाळतो. वरचा स्तर दूरच्या भांडारातून पॅकेज आणतो व अवलंबनांचा हिशेब लावतो.

महाराष्ट्रातील वाचकाला ही व्यवस्था सातबारा आणि फेरफार यांच्या उदाहरणाने चटकन समजेल. जमीन प्रत्यक्ष शिवारात असते आणि तिची नोंद दप्तरात असते. सातबारा आजची स्थिती सांगतो. ती स्थिती कोणत्या व्यवहारांनी आली हे फेरफार सांगतो. आरपीएमची नोंदवही हा सर्व्हरचा सातबारा आहे, तर यम किंवा डीएनएफ यांचा 'हिस्टरी' हा भाग त्याचा फेरफार आहे. दप्तर भिजले म्हणून जमीन नाहीशी होत नाही. परंतु त्यानंतरचा प्रत्येक व्यवहार संशयास्पद होतो. पॅकेज मॅनेजर कोसळल्यावरही सर्व्हरवरील संकेतस्थळे व प्रणाली दीर्घकाळ चालू राहू शकतात, त्याचे कारण हेच. दुखणे लपून राहते ते याचमुळे.

३. रूढ उपायांची परीक्षा

अशा प्रसंगी प्रयोगशाळेत सामान्यतः तीन उपाय क्रमाने होतात. प्रथम 'लॉक' फाइल पुसली जाते. तेवढ्याने भागले नाही तर नोंदवहीची पुनर्रचना करणारी आज्ञा दिली जाते. तीही निष्फळ ठरली तर सर्व्हर फॉरमॅट करून प्रणाली नव्याने बसविली जाते. या तिन्ही उपायांना योग्य प्रसंगी स्थान आहे. आक्षेप आहे तो निदानापूर्वीच ते योजण्याला.

लॉक फाइलचे उदाहरण बोलके आहे. दुसरी प्रत चालू असून अमुक क्रमांकाच्या प्रक्रियेने कुलूप घेतले आहे, असे यम स्पष्टपणे सांगतो. पुष्कळदा ती प्रक्रिया म्हणजे पार्श्वभूमीवर आपोआप अद्ययावतीकरण करणारी सेवा असते आणि ती काही मिनिटांत आपले काम संपविते. विद्यार्थी मात्र ती सक्तीने मारतो व लॉक पुसतो. नोंदवहीत लेखन चालू असतानाच हा घाव बसला तर नोंदवही अर्धवट राहते. म्हणजे ज्या उपायाने पहिली अडचण दूर केली, त्यानेच दुसरी आणि अधिक गंभीर अडचण निर्माण केली. ती प्रक्रिया खरोखर जिवंत आहे काय, हे पाहण्यास एका आज्ञेचा अवधी पुरतो. ती जिवंत नसेल तरच लॉक शिळे समजावे.

पुनर्रचनेची आज्ञाही निरुपद्रवी नाही. आरपीएमच्या जुन्या रचनेत 'पॅकेजेस' नावाची एक मुख्य फाइल असून तिच्यावरून अनुक्रमणिका तयार होतात. केवळ अनुक्रमणिका बिघडल्या असतील तर पुनर्रचनेने त्या पूर्ववत होतात. मुख्य फाइलच बिघडलेली असेल तर मात्र न वाचता येणाऱ्या नोंदी गळून पडू शकतात. प्रोग्राम डिस्कवर राहतो, नोंदवहीतून नाहीसा होतो, आणि आज्ञा यशस्वी झाल्यासारखी दिसते. म्हणूनच प्रथम संपूर्ण निर्देशिकेची प्रत काढून ठेवणे, मग मुख्य फाइलची तपासणी करणे आणि त्यानंतरच पुनर्रचना करणे हा क्रम अपरिहार्य आहे. मूळ दप्तराची प्रत न ठेवता नवे दप्तर लिहिणाऱ्या कारकुनास आपण जबाबदार धरू. येथेही तोच न्याय लागू व्हावा.

४. कोसळण्याची कारणे : पाच प्रकार

पडद्यावर सर्व प्रकारची कोसळ सारखीच भासते. वस्तुतः तिच्यामागील कारणे परस्परांहून अगदी भिन्न असतात. त्यांतील पाच प्रमुख प्रकारांचा येथे विचार केला आहे.

पहिला प्रकार भाषांतरकाचा, म्हणजे इंटरप्रिटरचा. यम हे साधन पायथन भाषेच्या दुसऱ्या पिढीत लिहिलेले आहे. सेंटओएस ७ या २०१४ च्या प्रणालीत पायथन २.७ हाच व्यवस्थेचा पायथन होता. विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी पायथन ३ हवा असतो. तो बसवून तो थांबत नाही. 'पायथन' या मूळ नावाचा दुवाच नव्या आवृत्तीकडे वळवितो. पुढच्या वेळी यम सुरू होताच नवा पायथन जुन्या व्याकरणाची ओळ वाचतो आणि वाक्यरचना चुकीची असल्याचे सांगून थांबतो. यमची एकही फाइल येथे बिघडलेली नसते. दुवा पूर्ववत करणे एवढाच उपाय असतो. अशा वेळी यम पुन्हा बसविण्याचा प्रयत्न करणे म्हणजे ज्या फांदीवर बसावयाचे तीच तोडणे होय, कारण यम बसविण्याचे सोयीचे साधन यमच असते.

दुसरा प्रकार नोंदवहीच्या बिघाडाचा. आरपीएमची नोंदवही दीर्घकाळ 'बर्कली डीबी' या रचनेत होती व तिला अर्धवट राहिलेल्या व्यवहारापासून पुरेसे संरक्षण नव्हते. लेखन चालू असताना वीज गेली, प्रक्रिया मारली गेली किंवा डिस्क भरली की ती विसंगत होऊ शकते. या परिसरात हा धोका पुस्तकी नाही. २००० नंतरच्या दशकातील भारनियमन येथील शिक्षकांच्या स्मरणात आहे. जुलै २०१८ मध्ये अतिवृष्टीने वसई, नालासोपारा व विरार जलमय झाले आणि वीजपुरवठा खंडित झाला, तेही विस्मरणात गेलेले नाही. यूपीएसची बॅटरी संपल्यावर सर्व्हर आपोआप व्यवस्थितपणे बंद होईल अशी जोडणी आहे काय, हा प्रश्न विद्युत विभागाचा वाटतो. प्रत्यक्षात तो नोंदवहीच्या सुरक्षिततेचा असतो.

तिसरा प्रकार स्मृतीच्या तुटवड्याचा. अवलंबनांचा हिशेब लावताना पॅकेज मॅनेजरला बरीच स्मृती लागते. स्वस्तात घेतलेल्या ५१२ एमबीच्या आभासी सर्व्हरवर डेटाबेस आणि वेब सेवा चालू असताना ती अपुरी पडते. तेव्हा लिनक्सचे कर्नल स्वतःच्या रक्षणासाठी एखादी मोठी प्रक्रिया निवडून मारते. पडद्यावर 'किल्ड' हा एकच शब्द उमटतो. मारणारा कोण व कशासाठी मारले, हे पॅकेज मॅनेजरला ठाऊकच नसते. ते कर्नलच्या नोंदीत लिहिलेले असते. तेथे पाहणारा स्वॅप वाढवितो किंवा काही सेवा तात्पुरत्या थांबवितो. न पाहणारा तीच आज्ञा पुनःपुन्हा देतो आणि प्रत्येक वेळी नोंदवहीला धोक्यात घालतो.

चौथा प्रकार परक्या लायब्ररींचा. एखाद्या डेटाबेसचा क्लायंट बसविताना लायब्ररींचा शोधमार्ग बदलला जातो, किंवा स्रोतापासून तयार केलेली 'लिबकर्ल'ची निराळी आवृत्ती स्थानिक निर्देशिकेत येऊन बसते. पॅकेज मॅनेजर आपल्या लायब्ररीऐवजी ही परकी लायब्ररी उचलतो आणि 'सेगमेंटेशन फॉल्ट' देऊन कोसळतो. शोधमार्ग रिकामा करून तीच आज्ञा चालविली असता ती सुरळीत चालली, तर निदान तेथेच पूर्ण होते.

पाचवा प्रकार कोसळीसारखा दिसतो, परंतु ती कोसळ नव्हे. सेंटओएस ६ चा आधार ३० नोव्हेंबर २०२० रोजी, सेंटओएस ८ चा ३१ डिसेंबर २०२१ रोजी आणि सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ रोजी संपला. त्यांची पॅकेजे संग्रहित भांडारात हलविली गेली व जुने पत्ते निरुपयोगी झाले. यम मग वैध पत्ता सापडत नसल्याची तक्रार करतो. पत्ता बदलून काम भागते. तथापि त्या भांडारात सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या येत नाहीत. येथे साधन खरे बोलत असते : प्रणालीचे आयुष्य संपले आहे आणि स्थलांतराची वेळ आली आहे. याच प्रकारात सर्व्हरचे घड्याळ चुकल्यामुळे येणारी अडचणही धरावी. मदरबोर्डवरील छोटा सेल संपलेला असेल तर दीर्घ वीजखंडानंतर सर्व्हर काही वर्षे मागे जाऊन जागा होतो, आणि आजचे सुरक्षा प्रमाणपत्र त्याला भविष्यातील वाटून तो ते नाकारतो.

या पाच प्रकारांत साधनाचा स्वतःचा दोष किती, हे पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या प्रकारात तो काही अंशी आहे. उरलेल्या चारांत तो मुख्यतः परिस्थितीचा आहे. असे असूनही पाचांवर एकच उपाय योजला जातो, ही चिंतेची बाब होय.

५. त्रुटिसंदेशाची भाषा

येथे प्रश्न तंत्राकडून भाषेकडे वळतो. बर्कली डीबीच्या बिघाडावर उमटणारा संदेश सांगतो की 'घातक रीजन दोष आढळला आहे, रिकव्हरी चालवा'. या संदेशाचे वाक्य म्हणून परीक्षण करावे. 'रीजन' म्हणजे अनेक प्रक्रियांनी वाटून घेतलेला स्मृतीचा भाग, हे वाचकाला कळण्याचा कोणताही मार्ग वाक्यात नाही. दोष कोणत्या फाइलीत हे सांगितलेले नाही. रिकव्हरी कोणत्या आज्ञेने, कोणी व काय जपून करावयाची याविषयी मौन आहे. 'घातक' या विशेषणाने मात्र भीती पुरेपूर घातली आहे. घाबरलेला व माहिती नसलेला वाचक सर्वांत कठोर उपायाकडे धाव घेतो, यात नवल नाही.

याउलट डीपीकेजीचा संदेश पाहावा. आपले काम मध्येच खंडित झाले असून ते पूर्ण करण्यासाठी अमुक आज्ञा द्यावी, असे तो सांगतो आणि ती आज्ञा अक्षरशः लिहून देतो. त्याची नोंदवहीही साध्या मजकुराच्या फाइलीत असते. ती कोणत्याही संपादकात उघडून वाचता येते व तिची मागील प्रत शेजारीच ठेवलेली असते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची २००७ मध्ये आलेली 'बॉस' ही प्रणाली डेबियनवर आधारित असल्याने तिच्या वापरकर्त्यांना ही वाचनीयता आपसूक लाभली. वेगाच्या दृष्टीने मजकुराची फाइल कमी पडते हे मान्य करूनही, संकटकाळी माणसाला वाचता येणारी नोंद हा मोठा गुण मानला पाहिजे.

मराठी विद्यार्थ्यापुढील अडचण आणखी एका बाजूने आहे. मुंबईतून सुरू झालेला इंडलिनक्स प्रकल्प आणि ग्नोम, केडीई यांचे स्वयंसेवी अनुवादक यांच्या परिश्रमांमुळे लिनक्सचा दर्शनी भाग मराठीत आला. मेनू मराठीत वाचता येतात. परंतु कोसळीच्या वेळी उमटणारा मजकूर प्रोग्रामच्या अंतरंगातून येतो व तो इंग्रजीतच राहतो. त्याचे भाषांतर व्हावे असा आग्रह धरणे व्यवहार्य नाही. मूळ शब्दांनीच उत्तर शोधावे लागते. अडचण शब्दसंग्रहाची नसून वाचनाच्या सवयीची आहे. पायथनच्या 'ट्रेसबॅक'मध्ये सर्वांत अलीकडची हाक शेवटी असते, म्हणून तो खालून वर वाचावयाचा असतो. आपला विद्यार्थी पहिल्या ओळीपासून सुरुवात करतो, तिसऱ्या ओळीवर थकतो आणि जेथे कारण लिहिलेले असते त्या शेवटच्या ओळीपर्यंत पोचतच नाही. पुढे तो त्या मजकुराचे मोबाइलवर छायाचित्र काढून पाठवितो. मजकूर येथे चित्र झालेला असतो.

६. साधनाच्या बाजूने व विरुद्ध

साधनाच्या रचनेवर एक मूलभूत आक्षेप घेता येतो. ज्या व्यवस्थेत बदल करावयाचा तिच्याच भाषेवर व लायब्ररींवर पॅकेज मॅनेजर अवलंबून असावा काय? ड्यूक विद्यापीठात यमची घडण झाली तेव्हा पायथन निवडल्यामुळे तो लवकर विकसित झाला व त्याचा प्रसार झाला, हे त्याचे श्रेय आहे. त्याच निवडीमुळे तो नाजूकही झाला. विकासकांनी हा आक्षेप कालांतराने मान्य केला, असे पुढील बदलांवरून म्हणता येते. २०१९ मधील रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ मध्ये व्यवस्थेच्या साधनांसाठी पायथनची वेगळी, वापरकर्त्याच्या हस्तक्षेपापासून दूर अशी प्रत ठेवण्यात आली. २०२० मधील फेडोरा ३३ पासून नोंदवही व्यवहारांचे संरक्षण देणाऱ्या एसक्यूलाइट रचनेत गेली. २०२४ मधील फेडोरा ४१ मध्ये सी प्लस प्लस भाषेत लिहिलेला डीएनएफ ५ मुख्य साधन झाला.

तथापि या सुधारणांनी वाचनाची गरज संपत नाही. स्मृतीचा तुटवडा, भरलेली डिस्क, चुकलेले घड्याळ आणि आयुष्य संपलेली प्रणाली यांवर कोणतीही रचना मात करू शकत नाही. शिवाय महाविद्यालयांतील जुने सर्व्हर नव्या रचनेत आपोआप जात नाहीत.

७. अध्यापनाचा प्रश्न

प्रात्यक्षिक परीक्षेत आपण पॅकेज बसविता येते किंवा नाही हे तपासतो. बसले की गुण मिळतात. बसले नाही तर यंत्र बदलून दिले जाते. यातून विद्यार्थी असे शिकतो की अपयश ही टाळावयाची गोष्ट आहे, अभ्यासावयाची नव्हे. वस्तुतः दोषनिदान ही लिनक्स प्रशासनातील सर्वांत अभ्यसनीय बाब होय.

या संदर्भात एका निराळ्या विद्याशाखेचे उदाहरण उपयुक्त ठरेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्या कार्यात आधी विविध प्रदेशांतील हस्तलिखिते ताडून पाहिली गेली, पाठभेद तळटीपांत नोंदविले गेले आणि स्वतःच्या कल्पनेने पाठ सुधारण्याचा मोह आवरला गेला. संपादकाने वगळलेला पाठही वाचकापुढे राहिला, म्हणून त्याचा निर्णय तपासता येतो. सर्व्हरच्या दोषनिदानासही हीच शिस्त लागते. कर्नलची नोंद, पॅकेज मॅनेजरची नोंद, व्यवहारांचा इतिहास आणि डिस्कवरील प्रत्यक्ष फाइली हे चार साक्षीदार आहेत. ते आधी ताडून पाहावेत, त्यांतील विसंगती लिहून ठेवावी आणि मगच दुरुस्तीस हात घालावा.

त्यासाठी तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, प्रात्यक्षिकात जाणीवपूर्वक बिघडविलेला आभासी सर्व्हर द्यावा व दुरुस्तीइतकेच गुण निदानाच्या लेखी टिपणास ठेवावेत. आभासी यंत्राची पूर्वस्थिती जतन करता येत असल्याने यास वेगळा खर्च येत नाही. दुसरी, प्रत्येक सर्व्हरसाठी एक वही ठेवावी व कोणी, केव्हा, काय बदलले हे तीत मराठीत लिहावे. अनेक ठिकाणी सर्व्हरची माहिती एकाच प्रयोगशाळा सहायकाच्या डोक्यात असते आणि त्याची नेमणूक संपली की तीही जाते. तिसरी, नोंदवहीची प्रत नित्य दुसऱ्या यंत्रावर घेतली जावी. ती काही एमबींची असते. तिच्या अभावी होणारे नुकसान मात्र मोजता येत नाही.

८. समारोप

प्रत्येक वेळी फॉरमॅट करणारे महाविद्यालय शेवटी आपला सर्व्हर सांभाळणे सोडून देते व सर्व सामग्री बाहेरच्या कंपनीकडे सोपविते. तो निर्णय विचारपूर्वक घेतला असेल तर त्यात गैर काही नाही. आपल्याला वाचता आले नाही म्हणून तो घ्यावा लागला असेल, तर ज्या संस्थेचे कामच वाचन शिकविणे हे आहे तिने यावर विचार केला पाहिजे. पॅकेज मॅनेजर कोसळताना जे लिहून जातो ते अपुरे, रुक्ष व कधी भयप्रद असते. परंतु त्या क्षणी सर्व्हरविषयी उपलब्ध असलेले ते पहिले विधान असते. विद्यार्थ्याने फॉरमॅटकडे वळण्यापूर्वी त्याची शेवटची ओळ वहीत उतरवून घ्यावी, एवढी सवय जरी आपण लावू शकलो, तरी अनेक सर्व्हर वाचतील.